नावाची पाटी

सुधामावशी १९६९ साली पुण्यातल्या एका रेडिओ कारखान्यात कामाला लागली, तेव्हा ती १९ वर्षांची होती. लांबलचक टेबलाशी मुली ओळीने बसत. प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न, समोर पत्र्याची चासी. एका व्हॉल्व्हच्या बुडापासून कंडेन्सरपर्यंत, तिथून पुढे कॉइलपर्यंत वायर न्यायची, टोक वळवायचं, डाग द्यायचा आणि चासी शेजारणीकडे सरकवायची. लाल वायर कुठून कुठे, पिवळी कुठून कुठे, हे मावशी आजही पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवते.

काही वर्षांनी कारखान्यात तपकिरी पाट्या आल्या. त्यांच्या पाठीवर तांब्याच्या रेषा आधीच काढलेल्या असत. वायरी गेल्या. काही मुली पॅकिंगला गेल्या, काही घरी बसल्या. मावशी टिकली, कारण तिचा हात बारीक होता.

“रेडिओवर कुठे तुमची नावं असायची का गं?” मी तिला एकदा विचारलं होतं.

“कंपनीचं असायचं. आत तपासनिसाचा शिक्का असायचा,” ती म्हणाली. “आमचं कशाला असेल?”

हे संभाषण मी विसरले होते. गेल्या वर्षी, बंगळुरूत, मी हौस म्हणून सजावटीचे पीसीबी करायला शिकू लागले, तेव्हा ते परत आठवलं.

पीसीबी म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड. मावशीच्या कारखान्यात त्याला ‘पाटी’च म्हणत, म्हणून मीही तेच म्हणणार आहे. माझा धंदा भाषांतराचा, शिक्षण तौलनिक साहित्याचं. विजेचं माझं ज्ञान घरातला फ्यूज बदलण्यापुरतं. पण एका मैत्रिणीच्या मुलीने मला पिंपळपानाच्या आकाराची पाटी दाखवली. पानाच्या शिरा तांब्याच्या होत्या आणि टोकाशी एक लाल दिवा लागत होता. त्या शिरा नुसत्या शोभेच्या नव्हत्या, दिव्याला वीज त्यांच्यातूनच जात होती. एका रेषेने दोन कामं करायची, अर्थही वाहायचा आणि रूपही सांभाळायचं, ही अट मला ओळखीची वाटली.

सजावटीची पाटी करताना हाताशी रंग फार थोडे असतात. मधे काचतंतूंचा पिवळट, किंचित पारदर्शक पत्रा, साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा. त्यावर तांब्याचा पापुद्रा, ३५ मायक्रॉनचा. त्यावर सोल्डर नको तिथे चिकटू नये म्हणून दिलेला रंगीत थर, बहुधा हिरवा. सगळ्यात वर पांढरी अक्षरं. जिथे हिरवा थर उघडा ठेवाल तिथे तांब्यावर कथील किंवा सोन्याचा अगदी पातळ मुलामा चढतो. म्हणजे तांब्यावरचा फिकट हिरवा, नुसत्या पत्र्यावरचा गडद हिरवा, सोनेरी, पांढरा आणि पत्र्याचा स्वतःचा पिवळट, एवढे पाच रंग. शिवाय जिथे दोन्ही बाजूंनी काहीच नसेल तिथून मागचा दिवा कंदिलासारखा झिरपतो.

या थरांची चित्रं एकेक करून वेगळी काढायची आणि एकमेकांवर चपखल बसवायची, हे शिकताना मला सारखं वाटत होतं की हे आपण आधी कुठेतरी पाहिलंय. छापखान्यात पाहिलं होतं. ‘प्रिंटेड’ हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही.

त्या शब्दामागे एक माणूस आहे. पॉल आयस्लर. जन्म व्हिएन्ना, १९०७. इंजिनिअरिंगची पदवी १९३०ची. तो ज्यू होता आणि त्या काळच्या ऑस्ट्रियात ज्यू इंजिनिअरला नोकरी मिळणं अवघड होतं. काही दिवस बेलग्रेडला रेल्वेगाडीतल्या रेडिओचं काम करून तो परत आला आणि रेडिओविषयीच्या नियतकालिकात व छपाईच्या कामात शिरला. नाइलाजाने धरलेल्या या वाटेवर तो छापखान्याचं तंत्र शिकला. रेडिओ आणि छपाई या दोन गोष्टी एका डोक्यात आल्या, त्या अशा.

१९३६ साली तो इंग्लंडला गेला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात, भाड्याच्या खोलीत, त्याने एक रेडिओ बनवला. त्यातल्या वायरींच्या जागी एका पत्र्यावर तांब्याच्या रेषा होत्या. कल्पना सोपी होती. रोधक पत्र्यावर तांब्याचा पापुद्रा चिकटवायचा, हव्या त्या रेषा आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने छापायच्या, मग पत्रा आम्लात बुडवायचा. शाईखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं.

ही युक्ती चित्रकारांना चारशे वर्षं माहीत होती. जर्मनीत ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉप्फर चिलखतांवर आम्लाने नक्षी कोरायचा आणि त्याच तंत्राने त्याने कागदावर छापे काढले. ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर ते करून पाहिलं. पुढे तांब्याचे पत्रे आले, रेम्ब्रां आला. आजही चित्रकलेच्या महाविद्यालयात एचिंगच्या टेबलावर फेरिक क्लोराइडची जी तपकिरी, कपड्यावरून कधीच न निघणारी बाटली असते, तीच घरी सर्किट करणाऱ्यांच्या मोरीतही असते. फरक इतकाच की चित्रकार पत्रा कोरतो, त्यावरून कागदावर छापा घेतो आणि पत्रा बाजूला ठेवतो. आयस्लरला छाप्याची गरज नव्हती. त्याला पत्राच हवा होता.

थरांची शिस्त मात्र शिळाछापाची. आलोईस झेनेफेल्डर या नाटककाराला स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती, त्या खटपटीत अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने लिथोग्राफी शोधली. ती मुंबईत आली तेव्हा गणपत कृष्णाजींनी स्वतःची शाई नि स्वतःचं यंत्र तयार करून १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग काढलं. शतक संपता संपता, १८९४मध्ये, गिरगावात राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. देवादिकांच्या त्या चित्रांतल्या प्रत्येक रंगासाठी एक वेगळा दगड लागे. एक दगड केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यायचा. माझ्या पहिल्या आराखड्यात पांढरी अक्षरं सोनेरी ठिपक्यांवर चढली, तेव्हा मला तो छापखानाच आठवला.

आयस्लर आपला रेडिओ घेऊन प्लेसी या मोठ्या ब्रिटिश कंपनीकडे गेला. त्याने आत्मचरित्रात सांगितलं आहे की त्याला नकार मिळाला तो तंत्रात खोट होती म्हणून नव्हे. वायरी जोडण्याचं काम मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि कुठल्याही कामावर हलवता येतात, असं कारण त्याला देण्यात आलं.

हे वाक्य मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती हसली. “खरं आहे की. स्वस्तच होतो आम्ही.”

पुढचं आयुष्य आयस्लरलाही सोपं गेलं नाही. युद्ध सुरू झाल्यावर ‘शत्रुदेशाचा नागरिक’ म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केलं. नाझींपासून पळालेल्या ज्यूवर हा शिक्का बसावा यातला विपर्यास वेगळा सांगायला नको. सुटल्यावर त्याला आसरा मिळाला तो लंडनमधल्या कॅम्बरवेलच्या हेंडरसन अँड स्पाल्डिंग या लिथोग्राफीच्या छापखान्यात. सुरुवातीचं काम होतं संगीताची स्वरलिपी टंकित करणारं यंत्र सुधारण्याचं. त्याच छापखान्याने टेक्नोग्राफ ही उपकंपनी काढून छापील सर्किटात पैसा घातला. नोकरीचा करार आयस्लरने नीट वाचला नव्हता. शोधांचे हक्क एक पौंड नाममात्र मोबदल्यावर मालकाकडे जात होते, त्याच्या वाट्याला कंपनीचा थोडा हिस्सा आला. १९४३मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. युद्धात तोफगोळ्याच्या टोकात बसवायच्या फ्यूजसाठी अमेरिकेने छापील सर्किटं वापरली, तीही चिनी मातीसारख्या पत्र्यावर वाहक शाई जाळीतून छापून. १९४९मध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमधल्या दोघांनी, अब्रामसन आणि डँको यांनी, सुट्या भागांचे पाय पाटीच्या भोकांतून ओवून सगळे डाग एकदम, वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवून देण्याची रीत काढली. टेबलाशी बसलेल्या मुली आता तितक्या स्वस्त राहिल्या नाहीत.

पण हाताचं काम संपलं असं समजायचं कारण नाही. ते फक्त टेबल बदलून गेलं. पाटीवरच्या रेषा छापायच्या तर आधी कुणीतरी त्या काढायला हव्यात. पुढची काही दशकं हे चित्र हाताने होत असे. पारदर्शक मायलारच्या तावावर, खऱ्या आकाराच्या दुप्पट किंवा चौपट, काळी चिकटपट्टी चिकटवून. पट्टी वळवता येई, म्हणून जुन्या पाट्यांवरच्या रेषा नदीसारख्या वळत जातात. मग त्या तावाचा फोटो काढून तो लहान करायचा. दोन बाजूंची पाटी असेल तर एका बाजूला लाल पट्टी, दुसऱ्या बाजूला निळी, आणि फोटो काढताना रंगीत काचेने एकेक बाजू वेगळी करायची. धंद्यात या तावाला ‘आर्टवर्क’ म्हणत. आजही म्हणतात. सजावटीच्या पाट्यांना ‘सर्किट आर्ट’ म्हणताना आपण काही नवीन जोडतोय असं वाटतं, पण तो शब्द कारखान्यात आधीपासूनच होता. फक्त चित्र काढणाऱ्याची सही त्यावर नव्हती.

चिकटपट्टीची जागा यंत्राने घेतली त्यामागेही व्हिएन्नाचाच एक निर्वासित आहे. जोसेफ गर्बर, जन्म १९२४. नाझींच्या तावडीतून सुटून तो आईबरोबर १९४० साली अमेरिकेत पोचला, वडील मात्र वाचले नाहीत. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असताना एका आलेखाचं माप बदलून घेण्याचं किचकट काम त्याच्यापुढे आलं. त्याने पायजम्याचं इलॅस्टिक काढलं, त्यावर सारख्या अंतराने खुणा केल्या आणि ते ताणून मोजपट्टी म्हणून वापरलं. त्या ताणत्या पट्टीवर त्याची कंपनी उभी राहिली. साठच्या दशकात त्या कंपनीने प्रकाशाने चित्र काढणारं यंत्र आणलं. दिव्याचा झोत गोल किंवा चौकोनी छिद्रातून फिल्मवर पडतो आणि सरकत सरकत रेषा काढतो. या यंत्राला सूचना देण्याच्या भाषेचं नाव आजही ‘गर्बर’ आहे.

पाटी बनवून घ्यायची असेल तर कारखान्याला आजही याच भाषेतल्या फाइली पाठवाव्या लागतात. सॉफ्टवेअर त्या आपोआप करून देतं, उघडून बघायची कुणाला गरज नसते. मी सवयीने बघितल्या. डोळे विस्फारले. सगळ्या पानभर आकडे, आणि क्रियापदं जेमतेम तीन. डी०२ म्हणजे दिवा न लावता अमुक ठिकाणी जा. डी०१ म्हणजे दिवा लावून अमुक ठिकाणापर्यंत ये. डी०३ म्हणजे इथे उभं राहून एकदा चमक. तो फिरता दिवा कधीच गेला, आता लेसर पाटीवर ओळींमागून ओळी टाकतो. भाषेत मात्र दिवा अजून फिरतोय. आपण ‘दिवा मालवला’ म्हणतो आणि भिंतीवरचं बटण दाबतो, तसं.

आता हौशी माणसाचं स्वतःचं आर्टवर्क कुठून सुरू झालं? कुणी ना कुणी पाटीवर आपली खूण सोडतच आलं आहे. कमोडोर कंपनीच्या अमिगा संगणकांच्या पाट्यांवर बी-५२ज या बँडच्या गाण्यांची नावं छापलेली सापडतात, आणि पहिल्या अमिगाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला करणाऱ्यांच्या सह्या आहेत, त्यांत जे मायनर या अभियंत्याच्या कुत्रीच्या पंजाचा ठसाही आहे. १९८१मध्ये मॅकिंटॉशची पाटी तयार होत होती, तेव्हा स्टीव्ह जॉब्सने तिच्यातल्या एका भागावरच्या रेषा कुरूप आहेत म्हणून तक्रार केली. पाटी बघणार कोण, असं इंजिनिअर म्हणाले. मी बघणार, असं त्याचं म्हणणं. नवी, देखणी पाटी केली. ती नीट चालली नाही आणि जुन्या रचनेवर परत यावं लागलं. ही गोष्ट बहुतेक वेळा जॉब्सच्या कौतुकासाठी सांगतात, पण नवशिक्याने तिचा शेवटही लक्षात ठेवावा. रेषेला आधी वीज वाहायची असते.

२००६ साली अमेरिकेतल्या डेफ कॉन या हॅकर संमेलनात जो ग्रँडने केलेला पहिला विजेचा बिल्ला वाटला गेला, आणि गळ्यात मिरवायच्या पाट्यांची हौस पसरली. दुसरीकडे सॉफ्टवेअर मोकळं झालं. ग्रेनोबलच्या जाँ-पिएर शाराने १९९२मध्ये सुरू केलेलं कायकॅड आज कुणीही फुकट वापरू शकतं. बोल्डपोर्टच्या सार ड्रायमरने तर सरळ चित्रकारांच्या सॉफ्टवेअरमध्येच पाटी काढता येईल अशी सोय केली. ज्या कारखान्यांकडे पूर्वी हजारांची मागणी घेऊन जावं लागे, ते आता पाच पाट्याही करून देतात.

त्या पाच पाट्यांवर मी मावशीचं नाव घालायचं ठरवलं. रेडिओवर नव्हतं ना, मग पाटीवरच असू दे. तिच्या एका जुन्या पत्रातली सही स्कॅन केली: सुधा.

इथे देवनागरीने मला एक धडा दिला. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात. एकेक अक्षर तांब्यात काढलं तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. आपला शब्द मात्र शिरोरेषेला टांगलेला असतो. तांब्यात काढला तर विजेच्या हिशोबाने अख्खा शब्द ही एकच तार. ‘कमल’ लिहा, ‘मालती’ लिहा, एका टोकाला दिलेली वीज दुसऱ्या टोकाला पोचलीच. अपवाद थोडे, त्यांत ध आणि भ. त्यांच्या डोक्यावरची रेषा अर्धीच असते. म्हणजे ‘सुधा’ हा शब्द ‘सु’ आणि ‘धा’ यांच्यामधे आपोआप तुटतो. मला आणखी काय हवं होतं? ‘सु’ला सेलचं धन टोक, ‘धा’ला ऋण टोक, आणि मधल्या फटीवर पुलासारखा ३.२ मिलिमीटर लांबीचा लाल दिवा. मागच्या बाजूला तीन व्होल्टचा बटण सेल आणि २२० ओहमचा रेझिस्टर. नाव पूर्ण झालं की दिवा लागणार.

पाट्या आल्या. सोनेरी अक्षरं गडद हिरव्यावर सुरेख दिसत होती. एस. पी. रोडवरून दिवे आणले, थरथरत्या हाताने पाचही पाट्यांवर डाग दिले, सेल घातला. दिवा लागेना. दुसरी पाटी घेतली. तीही तशीच. सेल कोमट झाला तेवढा. तीन दिवस मी दिव्यांची दिशा तपासली, सेल बदलले, मग पुण्याला जायचं होतं म्हणून पाचही पाट्या पिशवीत टाकल्या.

मावशी आता पंचाहत्तरीची आहे. तिने चष्मा लावला, पाटी खिडकीकडे धरली आणि वीज, दिवा, सेल यांतलं काहीही न विचारता म्हणाली, “अगं, ही सुघा कोण?”

स्कॅन केलेली सही साफसूफ करताना मधली फट मला खरवडल्यासारखी वाटली होती. दिसायला बरं म्हणून मी शिरोरेषा सरळ जोडून टाकली होती. सॉफ्टवेअरने तपासणीत इशारे दिले होते, पण सजावटीच्या पाटीत असे इशारे येतातच असं समजून मी ते पुसले होते. ध चा घ झाला होता, आणि सेलची दोन टोकं एकमेकांना भिडली होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या काना-मात्रा तपासणारी मी, आणि शुद्धलेखनाची चूक हीच शॉर्ट सर्किट ठरेल अशी जागा मी स्वतःच निवडली होती.

“आयर्न आहे का?” मावशीने विचारलं. माझं होतं. तिने दिवा उचलून बाजूला ठेवला. ब्लेडने शिरोरेषेवर दोन काप दिले आणि मधला सोनेरी तुकडा टोकाने उकलून काढला. तिचा हात आता थोडा कापतो, पण ब्लेड टेकलं की थांबतो. “कारखान्यात रोज करायचो हे. वरून रेषा चुकीची यायची, आम्ही खाली कापायचो. सांगायचं कुणाला?” दिवा परत बसवला, दोन डाग दिले, फुंकर मारली. सेल घातला.

सुधा लागली.

त्या दुपारी तिने आणखी तीन पाट्या दुरुस्त केल्या. पाचवीला हात लावला नाही. “ही सुघा राहू दे,” म्हणाली. “तपासनिसाला दाखवायला.”